फुलांच्या तबकावरचा हात

आमच्या आणि इन्ताकाकांच्या घरांच्या मध्ये बांबूचं कुंपण आहे. थंडीत त्याच्यावरचा वेल वाळतो आणि पलीकडचं सगळं दिसायला लागतं. ऐकू तर बारा महिने येतं. दुसऱ्याच्या घरातलं कानावर पडू नये म्हणून मी पहाटेची वंदना जरा मोठ्यानं म्हणते. तरी पडतंच.

त्या हिवाळ्यात पलीकडच्या ओसरीवर दोन शेगड्या पेटायच्या. एका टोकाला इन्ताकाकांची, दुसऱ्या टोकाला चानपेंगमावशीची. काका जंगलखात्याच्या नाक्यावरून निवृत्त झालेले, मावशी शाळेच्या स्वयंपाकघरातून. नोकऱ्या होत्या तोवर दोघांची गाठ संध्याकाळच्या जेवणाला तेवढी पडायची, म्हणून संसार निभला असं मावशीच म्हणायची. आता दोघंही दिवसभर घरात. बाहेर धुकं इतकं, की नदी कुठे आहे ते नुसत्या आवाजावरून कळावं. माणूस जाणार कुठे?

मावशीनं मात्र जायचं ठरवलं होतं. पौषातल्या पौर्णिमेला पांढरी वस्त्रं घेऊन कायमचं विहारात राहायचं, तिथल्या साध्वींबरोबर. तिनं तसं भन्तेंना सांगितलं आणि घरीही सांगितलं. भन्तेंनी त्यांचा नेहमीचा नियम घातला. घरातलं भांडण पाठीवर घेऊन आत यायचं नाही. फुलांचं तबक पुढे धरून सगळ्यांदेखत नवऱ्याची क्षमा मागायची. त्यानं तबकाला हात लावून क्षमा केली, की वाट मोकळी.

"हात लावतो म्हणे!" काका कुंपणावरून मला ऐकवत म्हणाले. "हात मोडून घेईन, पण लावणार नाही. पोरी, सांग तुझ्या मैत्रिणीला."

"मी इथेच आहे, रचनीचे बाबा," मावशी पलीकडून म्हणाली. रचनी ही त्यांची मुलगी, तिकडे दक्षिणेत कारखान्यात असते आणि फोनवर दोघांचंही ऐकून घेते. "मला ऐकू येतं."

"ऐकू येतं, पण काही शिरतं का?"

मावशीनं पौर्णिमेपर्यंत आणखी एक व्रत धरलं होतं, तोंडातून कडू शब्द काढायचा नाही. काकांना ते कळलं तेव्हापासून त्यांना जणू नवी नोकरीच लागली. सकाळी उठल्यापासून ते तिच्या तोंडून एक शिवी काढायच्या मागे.

"भात कच्चा आहे."

"वाफ कमी पडली असेल. थोडा वेळ तुमच्या शेगडीवर ठेवा."

"माझ्या शेगडीवर तुझा भात? का, तुझी विझली वाटतं? तुझ्यासारखीच थंड."

"तुम्हाला ऊब लाभो."

हे "लाभो" ऐकलं की काका पेटायचे. खरं सांगायचं तर मावशीचा तो गोडवा शिवीपेक्षा जास्त लागायचा. मी एकदा तिला तसं म्हटलंही. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, "त्यांना जे लागायचं ते लागू दे. मी तर आशीर्वादच देते."

तालुक्यातून म्हाताऱ्यांना लाल ब्लँकेटं वाटली, तेव्हा त्या घरात एकच आलं. घर एक तर ब्लँकेट एक, असा साहेबांचा हिशेब. काकांनी ते आपलं म्हणून उचललं. रात्री मावशी खोकायची. काका टीव्हीवरच्या मुष्टियुद्धाचा आवाज वाढवायचे, म्हणजे खोकला ऐकू येऊ नये आणि तिला झोपही लागू नये.

मग सॉसेजचं झालं. काकांनी बाजारातून गवती चहा घातलेलं सॉसेज आणलं होतं, स्वतःसाठी. वेटोळं करून जाळीच्या कपाटात ठेवलेलं. पहाटे भिक्षू पिंडपाताला आले तेव्हा मावशीनं ते भाताबरोबर पात्रात घातलं. सगळं. मी शेजारी गुडघ्यावर बसले होते. वाससुद्धा ओळखला, पण बोलले नाही.

काका उठले, कपाट उघडलं, आणि त्यांचा आवाज नदीपार गेला असेल.

"माझं सॉसेज कुठंय?"

"दान केलं. पुण्य तुमच्याच नावानं सोडलं."

"मला पुण्य नकोय, मला न्याहारी पाहिजे! माझं कपाट, माझं मांस, आणि दान करणारी तू?"

"तुमच्या पोटापेक्षा चांगल्या ठिकाणी गेलं."

काका तसेच निघाले, कानटोपी न घालता, थेट विहारात. जन्मात ते विहारात कधी शेवटपर्यंत बसले नव्हते. सणाला बांबूच्या नळीतला भात वाटेपर्यंत थांबायचे, भात हातात पडला की घरी. त्या दिवशी मात्र भन्तेंसमोर पाय दुमडून बसले आणि म्हणाले, "भन्ते, तुमची ही शीलवंत बाई चोर आहे. जे दिलेलं नाही ते घेणार नाही, असं रोज म्हणते ना? मी सॉसेज दिलं नव्हतं. आणि चोरीचं तुम्ही खाल्लंत."

भन्तेंनी मावशीला बोलावून घेतलं. म्हणाले, "इन्ता बरोबर बोलतोय. तबक धरशील तेव्हा याचीही क्षमा माग."

मावशी मान खाली घालून घरी आली. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कपाळावरची शीर उडताना मी पाहिली. काका शीळ घालत होते.

आमच्याकडे थंडीत बुद्धालाही थंडी वाजते. म्हणून पौर्णिमेच्या पहाटे मूर्तीपुढे आग पेटवतात आणि त्यासाठी घरोघरचं लाकूड जातं. असंतसं नाही. साल काढलेलं, पांढरं, धूर न करणारं. मावशीनं महिनाभर एकेक फांदी सोलून उन्हात वाळवली होती आणि ओसरीखाली रचली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे तबकासाठी लाह्या घ्यायला आली. परत गेली, तर अंगणात मोठा हंडा चढलेला आणि खाली तिचं सगळं लाकूड पेटलेलं. काका उघड्या अंगानं आंघोळ करत होते, अंगातून वाफा निघत होत्या.

"काय जळतं गं हे! चटचट नाही, ठिणगी नाही. बुद्धाचं नशीब आहे बघ."

मावशी कुंपणाजवळ उभी राहिली. मी कुंपणाच्या या बाजूनं तिचा हात धरला. तो लाकडासारखा झाला होता.

"बोल ना," काका अंगावर तांब्या ओतत म्हणाले. "एक शब्द. तुझं तोंड फुगलंय बघ, फुटेल. बोल आणि मोकळी हो."

"पाणी चांगलं तापलं का?" मावशीनं विचारलं.

"छान तापलं."

"तुम्हाला ऊब लाभो."

काकांनी तांब्या फेकला. तो कुंपणाला लागून माझ्या कोथिंबिरीत पडला.

पहाटे मी माझ्या लाकडातली अर्धी मोळी तिला देऊ केली. तिनं घेतली नाही. फक्त तबक घेतलं, त्यात लाह्या, झेंडूची फुलं, मेणबत्त्यांची जोडी. खांद्यावर लाल ब्लँकेट होतं. काका झोपेत असताना तिनं ते ओढून घेतलं असणार. मी पाहिलं आणि या वेळीही बोलले नाही.

विहाराच्या अंगणात आग पेटली होती. सगळं गाव भोवती उकिडवं बसलेलं, निखाऱ्यांवर भाताच्या वड्या भाजत. काकाही आले होते. तमाशा चुकवतील ते कसले! ते पुढेच बसले, दोन्ही हात काखेत घट्ट घालून.

मावशी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. तबक वर धरलं. "कायेनं, वाचेनं, मनानं मी तुमचा जो अपराध केला, सॉसेजसुद्धा, त्याची क्षमा करा."

कुणीतरी हसलं.

काका आगीकडे बघत राहिले. "छान आहे आग," ते म्हणाले. "कुणाकुणाचं लाकूड आहे यात? तुझं कुठलं, चानपेंग?"

तिनं तबक खाली घेतलं नाही. तबक कलायला लागलं, लाह्या एकेक करून मांडीवर पडायला लागल्या. भन्ते डोळे मिटून बसले होते. कुणी पुढे झालं नाही, होताही येत नाही. तो तिचा आणि त्यांचा मामला. निखारे बसत गेले, भाताच्या वड्या करपल्या, कुणी उलटल्या नाहीत.

"रिकाम्या हातानं आलीस," काका पुटपुटले. "रिकाम्या हातानं आलीस तशी घरी चल. दुपारचा भात कोण लावणार?"

आणि मावशी बोलली. मोठ्यानं नाही. पण आग होती, शांतता होती, सगळ्यांनी ऐकलं.

"मर तू. त्या हंड्याखाली तुझीच हाडं जळोत, हलकटा. तुझ्या भातात मी आयुष्यभर थुंकले नाही, एवढंच माझं चुकलं."

पुण्यकर्माला म्हणतात तसं माझ्या तोंडून "साधु" निघालं की काय अशी मला भीती वाटली. निघालं नाही.

काका उडालेच. आनंदानं. मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? भन्ते, ऐकलंत ना? गेलं हिचं व्रत, गेलं शील! ही कसली साध्वी होते!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. "अगं, मग आधीच बोलायचं होतंस ना. एवढी थंडी खाल्ली असती का आपण?" आणि काखेतले हात काढून त्यांनी दोन्ही तळवे तबकावर ठेवले. "जा, केली क्षमा. सगळ्याची केली, सॉसेजचीसुद्धा. चल आता घरी."

भन्तेंनी डोळे उघडले.

"क्षमा केलीस, इन्ता?"

"केली की! सगळ्यांदेखत केली."

मावशीनं तबक जमिनीवर ठेवलं. भन्तेंकडे वळून तीन वेळा नमस्कार केला आणि हात जोडून म्हणाली, "भन्ते, माझं शील मोडलं. मी परत मागते."

"माग," भन्ते म्हणाले.

ते सांगत गेले, ती मागून म्हणत गेली. आवाज पहिल्यासारखाच मऊ. मोडलेलं शील पुन्हा घेता येतं, रोज सकाळी आम्ही घेतोच, ते काही फुटलेलं मडकं नाही. विहारात शेवटपर्यंत बसणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे. काका भातापुरते येत.

त्यांना कळायला वेळ लागला. साध्वी पांढरी वस्त्रं घेऊन बाहेर आल्या तेव्हा कळलं. ते उभे राहिले, "पण तिनं मला..." एवढं म्हणाले, मग माझ्याकडे बघितलं, जणू मीच काही केलं होतं.

ती रागानं बोलली, की त्यांचे हात काखेतून काढायला बोलली, हे मी मावशीला आजवर विचारलेलं नाही. विचारलं तर तिला खरं सांगावं लागेल.

पुढच्या उपोसथाला, म्हणजे विहारातल्या व्रताच्या दिवशी, काका पुन्हा तक्रार घेऊन विहारात गेले. ब्लँकेट त्यांचं होतं, त्यांनी दिलेलं नव्हतं. भन्तेंनी ते परत पाठवलं. मावशीनं नीट घडी घालून, वर झेंडूचं एक फूल ठेवून दिलं होतं. काकांनी अंगणात घडी उलगडली, नाक लावलं, आणि तसंच कुंपणावर भिरकावलं.

"बामचा वास मारतोय हिचा!" ते ओरडले आणि आत गेले. आता ते एकच शेगडी पेटवतात, कधी या टोकाला, कधी त्या.

ब्लँकेट अजून कुंपणावरच आहे. पहाटेच्या दवानं जड होतं, दुपारी वाळतं. माझ्या अंगणाकडे अर्धं लोंबतंय आणि मला रोज थंडी वाजते. पण घे असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मी हात लावत नाही.