देवकीची बोलणारी जीप

दसऱ्याच्या सकाळी किन्हवलीजवळच्या त्या वाडीतलं निम्मं गाव देवकीच्या अंगणात लोटलं होतं, कारण देवकीची जीप बोलत होती. भुतं उतरवणारा वाल्मिक भगत गाडीपुढे उभा राहून विचारी, "लागीर आहे ना?" आणि बॉनेटखालून उत्तर येई, ठाक ठाक ठाक. हुडहुडी भरावी तशी सगळी गाडी थडथडत होती. बायकांचे हात आपोआप जोडले गेले होते.

देवकी गेली चार वर्षं ही जीप मुरबाडपर्यंत भाड्यानं चालवत होती. नवरा गेल्यावर तिनं स्टेअरिंग धरलं तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, तेच आता पुढच्या सीटसाठी भांडत. काल खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेच्या दिवशी, गाडी घरीच ठेवून ती वाशिंदला बहिणीकडे गेली होती. आज येऊन किल्ली फिरवली, तर गाडीचं हे असं. सासू बाईजानं घाबरून भगताला बोलावणं धाडलं.

भगतानं निदानाला वेळ लावला नाही. उंबरावरची हडळ गाडीत बसली आहे आणि तिला बाईचा हात चालत नाही, म्हणाला. आजपासून गाडी पुरुषानं चालवायची. योगायोग बघा, भगताचा भाचा सध्या मोकळाच होता. इतका मोकळा, की तो केव्हाच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला होता. हडळ मोठी परोपकारी, नोकरीसुद्धा लावून देत होती.

"बाई नको ना तुला?"

ठाक ठाक ठाक.

बाईजानं तोंडाला पदर लावला. "देवके, देऊन टाक गो गाडी," ती म्हणाली. गाडी गेली की पुन्हा लोकांच्या शेतावर मजुरी, दुसरं काय होतं तिच्यापुढे?

एवढ्यात वाडीतल्याच संघरत्ना बाई पुढे आल्या. त्या मुरबाडच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि रोज देवकीच्याच जीपनं जायच्या. त्यांनी आधी भगतानं टाकीशेजारी लावलेला धूप उचलला आणि लांब नेऊन विझवला. धूर ओसरला तसा देवकीच्या नाकात एक वास शिरला. तो डिझेलचा नव्हता. मग तिची नजर भाच्याच्या पायाकडे गेली.

मी पण एक विचारू का, असं तिनं भगताला म्हटलं. भगतानं मोठ्या मनानं परवानगी दिली.

"भगत लबाड आहे का?"

इंजिनाच्या आवाजात भाच्याला काय ऐकू येणार? समोरच्याचं तोंड हललं की ॲक्सिलेटर दाबायचा, एवढंच त्याला सांगितलेलं. ठाक ठाक ठाक! अंगण खदखदून हसलं. देवकीनं हात घालून किल्लीच काढून घेतली.

पण मुळात इंजिन ठोके का देत होतं? बाईंनी घरातले दोन्ही कॅन मागवले. एकात जीपचं डिझेल असायचं, दुसऱ्यात गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल. ओळखायला पेट्रोलच्या कॅनला तांबडी चिंधी बांधलेली असे. आता दोन्ही लख्ख घासलेले, हळदकुंकू लावलेले, आणि चिंधीचा पत्ता नाही. एक भरलेला, एक रिकामा. बाईंनी दोन्हींतला एकेक थेंब कागदावर टाकून उन्हात धरला. भरलेल्या कॅनच्या थेंबाचा तेलकट डाग तसाच राहिला, तेव्हा ते डिझेल. रिकाम्यातला थेंब उडून गेला, कागद कोरा.

म्हणजे डिझेलच्या जीपमध्ये कुणीतरी पेट्रोल ओतलं होतं.

बाईजा ओट्यावरून उठून पुढे आली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण तिनं सुनेकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हडळबिडळ काय नाय. मीच ओतला. पूजेला डबे घासले, चिंधी सोडली. समद्यांना निवद दाखवला, गाडीलाच उपाशी कशी ठेवू? गाडी देवकीच चालवल."

भगत आणि भाचा कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. मुरबाडहून मिस्त्री आला, त्यानं टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, ठोके थांबले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला देवकीच स्टेअरिंगवर होती.

गाडी असो की माणूस, बिघडलं तर आधी पोटात काय गेलं ते विचारावं, मग जाणत्याला दाखवावं. आणि चूक आपली निघाली तर तसं बोलावं. सत्तरीची बाईजा भर गावात बोलली, आपल्याला काय झालंय?