निळ्या चिठ्ठीचे दहा

त्रेसष्टचं साल होतं. अमरावतीच्या एका कॉलेजात मी पिंजरे धुवाच्या कामाले होती. पिंजऱ्यात वीस पांढरे उंदीर, अन त्याइचे मालक वामनराव सर, पुन्याचे. इतके सभ्य, का उंदराइलेही 'अहो' म्हनतीन असं वाटे.

सर कुड्याच्या झाडाची साल तपासून राहिले होते. परतवाड्याच्या बाजारातून पोतंभर आनली होती. हगवन लागली का आमचे म्हातारे लोक हेच उकयून पाजतात, मंग त्यात तपासाचं काय, मले काई समजे ना. सर म्हनत, "वच्छलाबाई, सिद्ध झालं तर हे औषध बाटलीत भरून गावोगावच्या दवाखान्यात जाईल." हे मातर मले पटलं. गावोगावी म्हंजे आमच्या तेल्हाऱ्यालेही.

तपास असा. सकाऊन वीसच्या वीस उंदराइले एरंडीचं तेल पाजाचं. म्हंजे चांगल्या जित्राबाले आपन होऊन हगवन लावाची. मंग लाल चिठ्ठीच्या दहाइले काढा द्याचा, निळ्या चिठ्ठीच्या दहाइले नुसतं पानी. पिंजऱ्याखाली टीपकागद. चार तासानं कागदावरचे डाग मोजाचे अन वहीत लिहाचे. एवढे शिकलेले लोक, अन काम काय तं डाग मोजनं! किसनराव चपराशी म्हने, "बाई, नाक झाका अन हो म्हना."

पयल्या दिवशी सर तेल पाजून वर्गावर गेले. लाल दहाइले मी काढा देल्ला. निळे दहा माह्याकडे पाहून राहिले होते. गंजात काढा उरला होता, थो तसाही मोरीतच जानार होता. मी निळ्याइलेही पाजून टाकला. मले लय बरं वाटलं.

चार तासानं सरानं डाग मोजले. लालचे बारा, निळ्याचे तेरा. सरानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा मोजले.

"पाण्यानंही तेवढेच बरे झाले," थे म्हनले. "म्हणजे कुड्यात काही नाही." अन वहीत लिहिलं, निष्फळ. "उद्या अहवाल मुंबईला जाईल. विषय संपला."

म्हंजे बाटली नाई, दवाखाना नाई, तेल्हारा नाई. करायले गेली गनपती अन झाला मारुती! आता हात दाखवून अवलक्षन होईन, हे समजत होतं, पन गप्प कशी राहू?

"सर, पान्यानं नाई. मी त्याइलेही काढाच देल्ला."

"का?"

"काहून म्हंजे? हगवन लागली होती त्याइले."

"अहो, ती आपणच लावली होती!"

"म्हनून तं! आपन लावली तं आपनच थांबवाले पायजे."

सर खुर्चीवर बसले. रागावले नाईत, समजावू लागले. म्हने, काहींना औषध मिळालं नाही तर त्यांचं काय होतं, हे पाहिल्याशिवाय औषधाचा गुण कसा कळणार?

मंग माही सटकली. "ज्याले भेटत नाई त्याचं काय होते थे मले विचारा ना! त्याच्यासाठी उंदीर कायले पायजे? आमच्या लोकाइनं नागपूरले बाबासाहेबासंग दीक्षा घेतली त्याच्या दोन साल आधी तेल्हाऱ्यात साथ आली. औषध वाटनारा आला, गावातून वाटत वाटत आमच्याकडे आला. आमची ओळ शेवटची. नेहमीचीच शेवटची. बाटली सरली. म्हने उद्या आनतो. माही पोरगी मैना तीन वर्साची होती. दोन दिवस वाट पायली तिनं. ज्याचं जयते त्यालेच कयते, सर."

सरानं वहीतलं 'निष्फळ' खोडलं. म्हनले, "नवीन उंदीर मागवतो. पाण्याचं काम किसनरावांना देऊ."

"नाई," मी म्हनलं. "थो घाईत काढा अन पानी अदलाबदल करन. मीच देईन."

आठ दिवसानं नवे वीस आले. तेल पाजलं. लालले काढा, निळ्याले पानी, मी माह्या हातानं देल्लं. काढ्याचा गंज मीच सराच्या कपाटात ठेवाले सांगतला, कुलूप लावून. माह्यावर माहाच भरोसा नव्हता. चार तास मी पिंजऱ्यापुढं स्टुलावर बसली. निळ्याइचे कागद पाहून राहिली. एक उंदीर तं कोपऱ्यात पडूनच होता. किसनरावानं आनलेला चहा तसाच थंड झाला.

चार तासानं मोजले. लालचे अकरा. निळ्याचे अठ्ठ्यान्नव. सरानं दोनदा मोजले, मी तीनदा.

"सिद्ध झालं, वच्छलाबाई," सर म्हनले, अन कपाटाचं कुलूप काढून गंज माह्या हाती देल्ला. "आता द्या त्यांना. एक नंबरपासून घ्या."

"नाई सर," मी म्हनलं. "शेवटून."

अन दहा नंबरचा पिंजरा उघडला.