फळ्यावर न आलेली बातमी

भरवेलीच्या मँगनीज खाणीत सत्तावीस वर्षं टाइमकीपरी करून डोमाजी मेश्राम घाटटोलीतल्या आपल्या घरी कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांना एक गोष्ट फार खटकली. बालाघाटात वैनगंगेच्या काठावरच्या या टोलीत बातम्यांना तोटा नव्हता, पण एकाही बातमीची नोंद नव्हती. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कुठं जमलं, हे सगळं नळावर जन्मायचं आणि नळावरच तीन वेळा रूप पालटायचं. ज्या माणसानं आयुष्यभर मजुरांची आत-बाहेरची वेळ मिनिटावर लिहिली, त्याला हे कसं सोसावं? डोमाजींनी बुद्धविहाराच्या बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा काळा रंगवला, मधोमध उभी रेघ ओढली, आणि दर रविवारी सकाळी खडूनं डावीकडं 'झालेलं' आणि उजवीकडं 'होणार' असं लिहायला लागले.

पहिले चार महिने फळा छान चालला. देवीची लस टोचणारे कोणत्या दिवशी येणार, घाटाच्या पायऱ्यांसाठी नगरपालिकेत अर्ज कोण नेणार, जयंतीच्या बैठकीला किती वाजता जमायचं, सगळं वेळेवर कळू लागलं. चूक एकच झाली, आणि तीही सरकारची. सरकारी कागदावर हिंदीत छापून आलेलं 'प्रौढ शिक्षा', म्हणजे प्रौढांचं शिक्षण, डोमाजींनी मराठी मजकुरात जसंच्या तसं उतरवलं. शिक्षा म्हणजे मार, एवढंच ठाऊक असलेली जुनी माणसं त्या दिवशी घराबाहेरच पडली नाहीत, आणि मास्तर रिकाम्या सतरंजीवर बसून परत गेला.

खरा घोटाळा झाला तो टोलीतल्याच पुनारामच्या पोराचा, वसंताचा. पुनाराम एकाच वेळी दोन ठिकाणी सोयरीक पाहत होता, हे त्यानं डोमाजींना सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त कटंगीच्या पोरीचं. 'वसंता पुनाराम यांची सोयरीक कटंगी येथे पक्की', असं डोमाजींनी 'होणार'खाली लिहिलं. दोन दिवसांनी वारासिवनीचे पाहुणे टोलीत शिरले, भिंतीसमोर थांबले, वाचलं आणि चहा न घेता तिथूनच बसअड्ड्याकडं वळले. कटंगीवाल्यांनी तर अजून होकारच दिला नव्हता. त्यांनाही कोणीतरी हे वाचलेलं सांगितलं, आणि आमच्याआधी भिंतीला कसं कळलं म्हणून ते रुसले.

तेव्हापासून डोमाजी दिसले की नळावरचं बोलणं थांबायचं. माणसं उठून जागा द्यायची, तंबाखू पुढं करायची आणि गप्प बसायची. आता आपल्याला टोलीत मान आला, असं डोमाजींना वाटलं. फळ्यावर मात्र सरकारी लस आणि नगरपालिका यांच्यापलीकडं काही उरलं नाही.

सदुसष्ट साली पावसाळा सरल्यावरच्या एका रविवारी डोमाजी असाच फळा लिहून घरी आले. लीलाबाई, त्यांची बायको, लेक अंजनाला घेऊन बाजारात गेली होती. इतक्यात शेजारची मैनाबाई पदराखाली कापडाचं गाठोडं घेऊन आली. आत अनरसे होते. अंजनाला द्या, म्हणाली, उद्या गाडीत खायला होतील.

"काहून? उद्या कुठं?" असं डोमाजींच्या ओठांवर आलं होतं. पण मैनाबाईचा चेहरा एवढा सहज होता, की त्यांच्या ध्यानात आलं, ही गोष्ट मला ठाऊक असलीच पाहिजे असं हिनं धरलंय. ज्याच्या भिंतीवर अख्खी टोली वाचते, त्यानं आपल्याच घरची खबर शेजारणीला विचारायची?

"हौ," ते म्हणाले, "ठेव तिथं."

गाठोडं कोनाड्यात ठेवून त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. त्या दुपारी त्यांनी जे केलं ते खाणीतही कधी केलं नव्हतं. स्वतःच्या लेकीची खबर त्यांनी दारोदार, तुकड्या-तुकड्यानं गोळा केली, आणि आपल्याला काही ठाऊक नाही हे कोणाला कळू दिलं नाही. शिंप्याच्या घरी म्हणाले, गाडी वेळेवर सुटते न आजकाल? शिंपी म्हणाला, सकाळची छोटी गाडी बरोबर सुटते, गोंदियाला बदलली की दुपारी नागपूर. म्हणजे नागपूर. तुळसाबाईकडं म्हणाले, तीन वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. हा नुसता अंदाज होता, पण तो नेमका बसला. तुळसाबाई म्हणाली, नर्सचं शिकायला तीन वर्षं लागतातच, आणि अंजनासारखी अकरावी पास पोरगी टोलीत दुसरी आहे कोण? तिचा नंबर लागल्याचं पत्र मैनाबाईच्या पत्त्यावर आलं हेही तिथंच कळलं.

शेवटी ते पुनारामकडं गेले. वसंताच्या प्रकरणानंतर पुनाराम त्यांच्याशी मोजकंच बोलत असे. पण आज त्यानं स्वतःहून खाट झटकली आणि म्हणाला, लेकीच्या अर्जावर तुमच्या सहीखाली साक्षीदार म्हणून मीच आंगठा दिला न.

डोमाजींनी मान डोलावली. त्यांना आठवलं. आषाढात लीलाबाईनं राशनकार्डाचे कागद म्हणून तीन-चार कागद पुढं केले होते. त्यांना पेपर वाचायचा होता. त्यांनी न पाहता सह्या केल्या होत्या.

घरी आले तेव्हा अंजना पत्र्याची पेटी बांधत होती. ती गडबडली, आईकडं पाहिलं. लीलाबाईनं चहा ठेवला, कप पुढं केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता तिचा आवाज जरा चढला, कारण भांडण होणार असं तिनं धरलं होतं.

डोमाजी शांतपणे ऐकत राहिले. सगळं ठाऊक असलेलं पुन्हा ऐकायला बरं वाटत होतं, कारण या वेळी ते त्यांना सांगितलं जात होतं.

"मले काहून नाही सांगितलं?" एवढंच ते म्हणाले.

लीलाबाईनं खाली पाहिलं. उत्तर अंजनानं दिलं. "बाबा, तुमी लिवलं असतं. आन् नंबर लागला नसता तं मी नळावर कशी गेली असती?"

डोमाजींनी कप उचलला. चहा थंड झाला होता, तोच त्यांनी प्यायला.

सकाळी अर्धी टोली स्टेशनावर आली होती. डोमाजींनी पेटी उचलून दिली, खिडकीशी उभे राहिले, आणि गाडी हलली तेव्हा म्हणाले, "गोंदियाले बदलजो बाई, झोपून राहू नको."

पुढच्या रविवारी त्यांनी खडू हातात घेतला. 'झालेलं'खाली पहिली ओळ कोणती लिहायची हे अख्ख्या टोलीला ठाऊक होतं; दोन-चार जण वाचायला येऊनही थांबले होते. डोमाजी बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. ही बातमी ठाऊक नसलेला टोलीत एकच माणूस होता, आणि तोही आता तसा राहिला नव्हता. शिवाय लेकीचं नाव खडूनं लिहायचं, आणि आठवड्यानं ओल्या फडक्यानं पुसायचं, हे त्यांना जमेना. त्यांनी नगरपालिकेच्या दिव्यांचं लिहिलं आणि घरी आले.

डोमाजींनी लेकीचं नाव फळ्यावर घातलं नाही, ही बातमी दुपारपर्यंत नदीपर्यंत पोचली. संध्याकाळपर्यंत तिचा अर्थही लागला. बाप रागावला. पोरगी न विचारता गेली, बापानं तिचं नावच टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुनाराम समजूत घालायला आला. जमाना बदलून राह्यला, म्हणाला, पोरींना शिकू द्यावं. मी रागावलो नाही, असं डोमाजींनी सांगितलं. पुनारामनं सुस्कारा टाकला. रागावलेला माणूस असंच म्हणतो, हे त्याला ठाऊक होतं. मग शिंपी आला, मग तुळसाबाई. आठवड्याच्या शेवटी लीलाबाईनंच भाकरी थापता थापता विचारलं, "खरंच राग आला का तुमाले?" आणि मग अंजनाचं पत्र आलं. वसतिगृहात वारासिवनीची एक पोरगी होती, तिला घरून कळलं होतं. अंजनानं लिहिलं होतं, बाबा, रागावून माझं नाव टाकू नका.

त्या रविवारी डोमाजींनी फळा स्वच्छ धुतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डोमाजी मेश्राम हे त्यांच्या मुलीवर रागावलेले नाहीत.' लोकांनी वाचलं. भिंतीवर लिहावं लागलं म्हणजे मामला बराच पुढं गेलाय, असं सगळ्यांचं मत पडलं.

आता एकच इलाज उरला होता. डोमाजी स्वतः नागपूरला गेले. वसतिगृहाच्या दारातल्या बाकावर त्यांना बसवलं. अंजना पांढऱ्या साडीत आली, आणि ती आपली आहे हे ओळखायला त्यांना एक क्षण लागला. दोघं अर्धा तास बसले. ती ताप कसा मोजतात ते सांगत होती. वेळ, आकडा, पुन्हा चार तासांनी वेळ आणि आकडा, सगळं खाटेला अडकवलेल्या कागदावर.

"माह्यासारखंच," डोमाजी म्हणाले.

ती हसली. मग घंटा झाली आणि ती आत गेली.

परतीच्या गाडीतून ते बालाघाटला उतरले तेव्हा स्टेशनाबाहेर पुनाराम सायकल धरून उभा होता. डोमाजी एकटेच येताना पाहून त्याचा चेहरा पडला. लेकीला परत आणायला गेले होते हे टोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाही आली न?" त्यानं हळूच विचारलं.

डोमाजी दमले होते. सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हटलं तर घर येईपर्यंत पुरलं असतं, आणि तरी पटलं नसतं.

"नाही आली," ते म्हणाले.

पुनारामनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पिशवी हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून त्यांच्यासोबत पायी चालू लागला. त्या रात्री मेश्रामांच्या घरी तीन घरांतून भाजी आली. मैनाबाईनं मुद्दाम वांग्याची पाठवली होती, डोमाजींना आवडते म्हणून. लीलाबाई खरं सांगायला उठत होती, पण डोमाजींनी तिला खूण करून खाली बसवलं आणि वाटी आपल्याकडं ओढली.