राबातल्या रिबिनी

कमू, तू आता मध्ये काही बोलू नकोस, फक्त ऐक. तू मध्ये बोललीस की माझं निम्मं सांगायचं राहून जातं.

सपनाची ती शर्यत नाही का, जव्हारहून सूर्यमाळला आणि डोंगरदऱ्यांतून फिरून परत जव्हारला, शंभर मैल. शंभर मैल म्हटलं की बरं वाटतं, किलोमीटर केले की एकशे साठ होतात. एक अख्खी रात्र पळायचं, दुसऱ्या दिवशी पण पळायचं, आणि प्रत्येक चौकीवर ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं. नाही पोचलं की छातीवरचा नंबर काढून घेतात आणि जीपमध्ये बसवतात. गेल्या वर्षी तिला जामसरला काढलं. शेवटची चौकी गं. तिथून पुढे फक्त जव्हार राहतं.

मग वर्षभर काय केलं असेल तिने? दर रविवारी पहाटे जव्हारहून निघायची ती सूर्यमाळचा घाट चढून उन्हं डोक्यावर आल्यावर परत. नाचणीची भाकरी गुळात कुस्करून पिशवीत, आणि पळता पळता खायची, कारण पोटालासुद्धा शिकवावं लागतं म्हणे. आधी ओकायची, मग पचायला लागलं. रस्त्यावर लोक विचारायचे, बस चुकली का गं? मोटारसायकलवाले थांबून म्हणायचे बस मागे, सोडतो. एका आजीने तर तिला थांबवून विचारलं होतं की घरात भांडण झालंय का. आणि जूनपासून तिचं नाशिकला नर्सिंग सुरू, म्हणजे पुढची तीन वर्षं कुठला घाट आणि कुठला रविवार. झालं तर यंदाच.

शेवटच्या टप्प्यात सोबतीला एक माणूस चालतो, त्याला पेसर म्हणतात. ती मी. माझं काम काय, तर तिला खायला लावायचं, वेळ बघायची आणि तिला बसू द्यायचं नाही. सूर्यमाळला ती सकाळी आली तेव्हा ओठ फुटलेले, पायाची दोन नखं गेलेली, आणि मला बघून म्हणते कशी, नीते, तू आंघोळ केलीस का, छान वास येतोय. मी म्हटलं चल, वास घेत मागे मागे ये.

आम्ही वेळेच्या पुढे होतो, कमू. हे लक्षात ठेव. चांगल्या पुढे होतो.

वाट दाखवायला शर्यतवाल्यांनी झाडांना नारिंगी रिबिनी बांधलेल्या. रिबीन दिसली की बरोबर, नाही दिसली की चुकलो. माळावर एका ठिकाणी वाट फुटते, तिथे समोर काहीच नाही, पण डाव्या अंगाला खाली उतारावर नारिंगी दिसतंय, चांगलं चार-पाच ठिकाणी. सपनाला तर तेव्हा दगडसुद्धा बसलेली माणसं दिसत होती, तिला काय विचारणार. मीच म्हटलं, ते बघ, खाली. उतरलो. बराच उतार होता आणि घसरडा, तिचे गुडघे आधीच गेलेले, मी पुढे राहून तिचा भार खांद्यावर घेत होते.

खाली काय, शेत. शेतात राब पसरलेला. उन्हाळ्यात जाळतात ना आपल्याकडे, पावसाआधी, मग त्या भाजलेल्या जागेत भाताचं रोप करतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडून आणलेल्या, आणि आपल्या रिबिनी त्या फांद्यांना. अगदी जशा बांधलेल्या तशाच. वरची सगळी वाट तोडून कुणीतरी शेतात आणून अंथरलेली.

मला हसूच आलं. खरंच. मग सपनाकडे बघितलं तर ती बांधावर बसलेली, आणि मी तिला उठ म्हणाले नाही.

तेवढ्यात ज्याचं शेत तो आला, लहान्याकाका नाव त्याचं. कोयता कमरेला, म्हातारा पण नाही फार. आमच्या छातीवरचे नंबर बघून घाबरलाच जरा, त्याला वाटलं आम्ही कुठल्या तरी खात्याच्या. मी रिबिनी दाखवल्या तर म्हणाला, मना काय ठावं, चिंध्या होत्या, जळतील म्हटलं. मग पाणी दिलं. जवळची चढण दाखवायला आमच्यापुढे वरपर्यंत आला, सपनाला काठी दिली. वर फाट्यावर तिने स्वतःचा रुमाल बरोबर वाटेच्या झाडाला बांधला, मागून येणाऱ्यांसाठी. मी ओरडत होते चल म्हणून, ती गाठ नीट मारत होती.

ती झाडं त्याच्या मालकीतली की जंगलातली, हे आम्ही विचारलं नाही. कोण विचारतं?

जामसरला पोचलो तर वेळ संपून थोडासाच वेळ झालेला. तिथले सर चांगले होते गं, हेच तर आहे. त्यांना तिला काढायचंच नव्हतं. गेल्या वर्षी पण तेच होते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "वाटेत काही झालं का? खुणा कुणी काढल्या असतील तर तेवढा वेळ मला परत देता येतो. जागा दाखव, मी गाडीवरून बघून येतो."

सपनाने विचारलं, बघून काय करणार? सर म्हणाले, फांद्या तोडलेल्या असतील तर जंगलखात्याला कळवावं लागतं, शर्यतीची परवानगीच त्या अटीवर आहे, त्यात माझ्या हातात काही नाही.

ती बुटाची नाडी बघत बसली. मग म्हणाली, "नाही सर. रिबिनी होत्या. माझंच लक्ष नव्हतं."

सर माझ्याकडे वळले. "तू झोपलेली आहेस रात्रभर, तुझे डोळे ताजे आहेत. तू सांग."

आणि कमू, खरं तर खरं बोलायचं होतं फक्त. खोटं तर ती बोलत होती. एक वाक्य, आणि ती उठून जव्हारला पळाली असती. तो काका आपला कोण? कदाचित झाडं त्याचीच असतील, काही झालंही नसतं. आणि नसतील तर? आत्ता पसरलेला राब खात्याने उचलून नेला तर जूनमध्ये रोप कुठे टाकणार तो? सपना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. खूण नाही, काही नाही.

मी म्हटलं, मला पण नाही आठवत.

सरांनी तिचा नंबर स्वतः काढला, पिना एकेक करून, फार सावकाश. तिने चहा मागितला आणि जीपमध्ये तोंड उघडं टाकून झोपली. जव्हारच्या नाक्यावर लोक जीप बघून टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं कुणीतरी जिंकलेलं आणलंय.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. मला वाटलं म्हणेल, बरं झालं गप्प राहिलीस. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "माझ्याच्याने ते सांगवत नव्हतं गं. पण तू बोलली असतीस ना, तर मी तुला अडवलं नसतं."

बस, एवढंच. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, म्हणून तुला सांगतेय. आता बोल. ते सर तुझ्याकडे वळून बघतायत, सपना खाली बघतेय. तू काय केलं असतंस?