दरमहा निरंक

मी एक शिक्का आहे. कचेरीत शिक्क्यांना मान असतो म्हणतात, पण माझ्यावर ना राजमुद्रा, ना कुणा साहेबाचं पद. तीनच अक्षरं आहेत: निरंक. म्हणजे, कळवण्यासारखं काहीही नाही.

लातूरच्या गंजगोलाईत करीमभाईंनी मला कोरलं. पोलिस कचेरीतले लिपिक माणिकप्पा मागणी घेऊन आले होते. वरून दरमहा ढीगभर तक्ते यायचे आणि त्यांत निरंक लिहून लिहून त्यांचा अंगठा दुखायचा.

"निरंक मतलब?" करीमभाईंनी विचारलं.

"कुछ नहीं."

"कुछ नहीं का ठप्पा? ऐसा गिराइक पहली बार देखा, अप्पा."

वर्षभरात भूकंप झाला. नवा शिपाई शिवमूर्ती किल्लारीकडच्या गावांत सतरा दिवस ढिगारे उपसून परतला. पुढे वरून एक तक्ता आला: बंदोबस्तावरील कर्मचाऱ्यांपैकी मानसिक आधाराची गरज असलेल्यांची संख्या. त्याच दिवशी शिवमूर्ती टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"अप्पा, सारखे हात धुऊन राहिलो. माती निघंना."

माणिकप्पांनी त्याचे हात पाहिले. स्वच्छ होते. कातडी सोलवटली होती.

"असलं कागदावर आलं तर अनफिट म्हणतील, लेका. लग्न व्हायचंय तुझं. चार दिवस गावाकडं जाऊन ये."

मग त्यांनी मला उचललं. माणूस वाईट नव्हता. त्या पोराचं भलंच केलं, असं त्यांना वाटलं. मीही गोल, ठसठशीत उमटलो.

पंचवीस वर्षं गेली. माणिकप्पा निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर अफसानाबाई आल्या. शहर शिकवण्यांनी भरलं. पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो घरांपेक्षा मोठे झाले. मधल्या काळात खात्यालाही मनाची आठवण आली. वर्षातून एकदा तणावमुक्तीचं व्याख्यान होई. हजेरी सक्तीची, गैरहजर राहणाऱ्याला नोटीस. रात्रपाळी करून आलेले शिपाई तिथे गाढ झोपत आणि अहवालात तणावमुक्त ठरत. गरजूंच्या रकान्यात दरमहा मीच असे.

शिवमूर्ती आता जमादार होते. वसतिगृहातल्या खोलीचं दार आतून बंद राहिलं आणि हाकेला उत्तर आलं नाही, की पोलिसांना बोलावत. त्या वर्षी अशी तीन दारं त्यांनी उघडली. तिसरं दार उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते अफसानाबाईंसमोर येऊन बसले.

"बाई, मला कोषागाराचा पहारा लागलाय. बदलून द्या. बंदुकीचं काम नको सध्या."

"का हो काका? बसून करायचं काम आहे."

"पंचनाम्यात खोलीतल्या वस्तू लिहाव्या लागतात," ते म्हणाले. "चार पेनं लिहिली. घड्याळ लिहिलं. भिंतीवर पोरीचं वेळापत्रक होतं, त्यात उद्याचा दिवस पण होता. घरी गेलो अन् हात धुवायला लागलो. बंदूक हातात आली तर काय करीन, माझा मलाच भरवसा न्हाई."

महिन्याचा तक्ता टेबलावर होता. सवयीने अफसानाबाईंनी मला उचललं होतं. शाई ओली होती. मी हवेतच राहिलो.

"काका, नाव लिहू?"

"लिहिलं तर काय करतील?"

"ते मला माहीत नाही. नाही लिहिलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे."

"लिहा," ते म्हणाले.

अफसानाबाईंनी मला बाजूला ठेवलं आणि रकान्यात एक हा आकडा लिहिला. पहारा त्याच दिवशी बदलला. आठवड्याने वरून फोन आला.

"बाई, एक कसा काय? तुमचं तर कायम निरंक असतं. शिक्का हरवला का?"

"समोरच आहे, साहेब."

शिवमूर्तींच्या पदोन्नतीचा कागद मागे पडला. का, ते कुणी लिहून दिलं नाही. पण दर मंगळवारी ते मनाच्या डॉक्टरकडे जाऊ लागले. कचेरीत सांगत, दाताच्या डॉक्टरकडे जातो.

"सहा मंगळवार झाले," हवालदार मंजुश्री सगळ्यांसमोर म्हणाली. "काकांना दात हायेत तरी किती?"

सगळे हसले. काकाही हसले. हात मात्र ते अजून धुतात, आधीपेक्षा कमी.

मागच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मंजुश्री एकटीच आली. वसतिगृहांचा भाग हल्ली तिच्याकडे आहे. उभ्याउभ्या तिने टेबलावरच्या टाचण्या सारख्या केल्या.

"अफसानाबाई, काकांच्या त्या दाताच्या डॉक्टरचा पत्ता मिळंल का?"

अफसानाबाईंनी तिच्या दातांबद्दल काही विचारलं नाही. पत्ता लिहून दिला, तक्ता ओढला आणि दोन हा आकडा लिहिला.

मी आता खणाच्या तळाशी पडून असतो. रबर कोरडं पडलंय, 'क'ला तडा गेलाय. या खुर्चीवर उद्या कोण येईल, माहीत नाही. जो येईल त्याला एवढंच सांगणं: मी हाती लागलो, तर मला शाई लावण्याआधी समोर कुणी उभं आहे का, ते बघा.