काळी दोनची सनई

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, वाद्यांच्या दुकानात, भगवंत तासभर उभा होता आणि त्याचं काही ठरत नव्हतं. हातात दोन सनया. एक त्याची स्वतःची, काळी एकची, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीची, लांब नळीची, खालच्या सुराची. बदलापूर गावातली तीस वर्षांची लग्नं तिच्याच मऊ आवाजात लागली होती. दुसरी नवी, काळी दोनची, आखूड आणि कर्कश.

"साईं, बेंजो पार्टीवाले सब यही ले जाते हैं," दुकानदार म्हणाला.

ते भगवंतालाही ठाऊक होतं. नुसत्या सनईला आता कुत्रं विचारत नव्हतं. देवळातसुद्धा पहाटे कॅसेट लागायची. रघूच्या बेंजो पार्टीत, लग्नात बेंजो-कॅसिओ वाजवणाऱ्या ताफ्यात, एक जागा होती, पण रघूने आधीच बजावलं होतं, "मामा, आपला सगला सेट काली दोनवर हाय. आनि एकटेच या. सूर धराला मानूस नको, कॅसिओवर बटन हाय."

सूर धरणारा माणूस म्हणजे भगवंताचा धाकटा भाऊ चंदू. सनई जोडीने वाजते. एक जण चाल वाजवतो, दुसरा मागे उभा राहून एकच सूर अखंड धरतो. चंदूने जन्मभर तेवढंच केलं. गाण्याची एक ओळ येत नव्हती पठ्ठ्याला, पण गाल फुगवून, नाकाने श्वास ओढत अर्धा अर्धा तास तो सूर तुटू देत नसे. ना बायको, ना नोकरी. जुनीच ठेवावी तर दोघंही घरी बसणार. नवी घ्यावी तर चंदू एकटा.

भगवंताने नवी घेतली. चंदूला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा काढला.

रविवारी बेलवलीत लग्न होतं. भर दुपारी मांडवापुढे पार्टी रंगात आली आणि मागून ओळखीचा सूर उठला. भगवंताने वळून पाहिलं. दादा इथे वाजवतोय, असं चंदूला कोणीतरी सांगितलं असणार. इस्त्रीचा सदरा घालून तो नेहमीसारखा दोन पावलं मागे उभा होता, डोळे मिटून, आपल्या जुन्या सनईवर काळी एक धरून. दोन सूर एकमेकांना चावू लागले. पोरं कानात बोटं घालून हसत सुटली.

रघूने हात वर करून पार्टी थांबवली. "कोन हाय रे बेसूर?"

सगळे भगवंताकडे बघत होते.

"हा," म्हणत त्याने भावाकडे बोट दाखवलं.

चंदूने डोळे उघडले. लोकांनी त्याला खुळा म्हटलं होतं, बावळट म्हटलं होतं. बेसूर कधी कोणी म्हटलं नव्हतं. त्याने सनई खाली घेतली.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मी जागचा हललो नाय रे."

खरंच होतं ते. भगवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रघूने बटण दाबलं होतं, कॅसिओ सुरू झाला होता, आणि भगवंताने नवी सनई ओठाला लावली.