उत्तरेच्या खोऱ्यासाठी सभा

सभेची वेळ टळून गेली तरी खोलीत दोघंच होती: वस्तीप्रमुख न्यामझाव आणि तिला कायम पाण्यात पाहणारा दाशझेवेग. शेगडी पेटवून झाली, बाकं पुसून झाली, खारा चहा दोनदा गरम करून झाला. दाशझेवेग खिडकीशी बसून निवांत तपकीर ओढत होता.

ही वस्ती म्हणजे नावालाच वस्ती. एकाचा तंबू या डोंगराखाली, तर शेजाऱ्याचा पार पलीकडच्या. मीठ मागायला जायचं तरी मोटारसायकल काढावी लागते. अशा मुलखाचा कारभार न्यामझाव कितीतरी वर्षं एकटीने रेटत होती. मेंढ्यांच्या लसी, विहिरीचा बिघडलेला पंप, नवराबायकोची भांडणं, सगळं तिच्याच गळ्यात. आता तालुक्याने ठरवलं, माणसंच उरली नाहीत तर ही वस्ती शेजारच्या मोठ्या वस्तीला जोडून टाकावी. म्हणजे तिचं पद गेलं. तिला काही फार उदात्त वगैरे वाटलं नाही. ऐकलं त्या दिवशी घरी येऊन तिने सगळा राग भांड्यांवर काढला.

पद जाणार ते जाणारच होतं, सभा होवो न होवो. सभा हवी होती उत्तरेच्या खोऱ्यासाठी. तिथे वस्तीतलं कुणीही उन्हाळ्यात जनावरं घालत नाही. गवत तसंच उभं ठेवतात, झुदसाठी. झुद म्हणजे तो हिवाळा, ज्यात चारा बर्फाखाली गोठतो आणि जनावरं उभ्या उभ्या मरतात. वस्ती जोडायला आमची ना नाही, पण खोरं आमच्याचसाठी राखीव राहील, असा ठराव निम्म्या घरांनी हात वर करून केला, तर तालुका तो मानणार होता. ठराव नसेल तर खोरं सगळ्यांना खुलं. मोठ्या वस्तीचे घोडे एका उन्हाळ्यात ते चाटूनपुसून साफ करतील.

"उगाच वाट बघतेस," दाशझेवेग म्हणाला. "मला तू जायला हवीयस, म्हणून मी तरी आलो. बाकीच्यांना तू हवीयस. सभा झाली नाही तर वस्ती मोडत नाही, असं ठरवून बसलेत सगळे."

 न्यामझाव स्वतः दारोदार फिरून आली होती. प्रत्येक घरी चहा घेतला, जनावरं अंगाला लागली का ते विचारलं, आणि उठताना म्हणाली, खोऱ्याचं काम आहे, सभेला या. सगळे म्हणाले, येऊ की. तिने झुदचं नाव काढलं नव्हतं. शरद ऋतू असा छान चालला असताना झुदचं नाव कोण काढतं? नाव घेतलं की तो येतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तिने नाव घेतलं नाही आणि लोकांना वाटलं, बाई सरकारी तोंडाने बोलतेय, तिला बोलावंच लागतं.

तिने मोटारसायकल काढली आणि थेट म्हाताऱ्या गोन्चिगचं घर गाठलं. त्याच्या शब्दाबाहेर वस्तीत कुणी जात नसे. लांबूनच तिने कुत्रा धरायला हाळी दिली आणि आत शिरली. सुनेने चहा ओतला.

"बाबा, सभेला का आला नाहीत?"

"घोडी हरवली होती," गोन्चिगने शांतपणे थाप मारली. घोडी दाराशीच बांधलेली होती.

"सगळ्यांच्याच घोड्या हरवल्या वाटतं."

म्हातारा गालात हसला. "तू गप घरी बस गं पोरी. सभाच झाली नाही तर तुला काढतील कसे? तुझ्या जागी येईल त्याला आमची तोंडं तरी ठाऊक आहेत का?"

न्यामझावला भरून आलं. इतक्या वर्षांत कुणी तिला असं तोंडावर काही म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं तेही नेमकं आज. तिने चहाचा वाडगा खाली ठेवला.

"मी जाणारच आहे, बाबा. सभा झाली काय नि न झाली काय. आणि झुद येणार आहे."

सुनेच्या हातातली पळी थांबली.

"तोंड आवर," गोन्चिग म्हणाला.

"नाही आवरत. यंदा नाही तर पुढच्या वर्षी झुद येईल. तुम्ही कळप घेऊन उत्तरेला जाल, तर तिथं काडी नसेल. तुमचे नातू मेंढ्यांची कातडी सोलत बसतील. माझी खुर्ची वाचवायला निघालात, ती तर वाचत नाहीच, वर खोरं घालवून बसाल."

म्हातारा उठला. आता हा आपल्याला बाहेर काढणार, असं तिला वाटलं. पण तो सुनेकडून दूध घेऊन एकटाच बाहेर गेला, आणि बोललेलं अशुभ फिरावं म्हणून आभाळाकडे पळीपळीने दूध उडवत राहिला. बऱ्याच वेळाने आत आला.

"पुन्हा कधी आहे सभा?"

"परवा. तालुक्याने आणखी तेवढी एकच संधी दिलीय."

"हे आणखी कुणाच्या घरी बोलू नकोस. लोकांना मी सांगतो, माझ्या पद्धतीनं."

ठरल्या दिवशी खोली गच्च भरली. माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती, पण तिच्या नजरेला नजर कुणी देत नव्हतं. न्यामझावने ठराव मोठ्याने वाचला. आधी वस्ती जोडण्याचा भाग, मग खोऱ्याचा. मग म्हणाली, "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सगळ्यांना सगळं कळलं होतं, तरी हात उचलेनात. तिच्या तोंडासमोर हात वर करायचा म्हणजे तिला दार दाखवण्यासारखंच होतं. गोन्चिग गुडघ्यांकडे बघत बसला. दाशझेवेगनेसुद्धा दोन्ही हात बाह्यांत खुपसून ठेवले.

 न्यामझावने कागद टेबलावर ठेवला, टेबलाला वळसा घालून ती पुढच्या बाकावर लोकांमध्ये येऊन बसली आणि तिने स्वतःचा हात वर केला.

मागे बाह्यांची सळसळ ऐकू आली. तिने वळून पाहिलं नाही. मोजायला दाशझेवेग उठला. त्याने तिच्यापासून सुरुवात केली.